काचपट्टीवरचा निकाल : डॉ. वसंत रामजी खानोलकर

शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर रुग्णाला जन्मभर आठवतो. औषध देणारा आठवतो, धीर देणारी परिचारिकाही आठवते. परंतु शरीरातून काढलेल्या गाठीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून ती साधी आहे की कर्करोगाची, याचा निकाल देणारा विकृतिशास्त्रज्ञ रुग्णाच्या दृष्टीस सहसा पडतच नाही. अहवालाच्या तळाशी असलेली त्याची सहीदेखील कोणी वाचत नाही. मात्र पुढचे सारे उपचार त्या सहीवर अवलंबून असतात. वैद्यकातील या पडद्यामागच्या शाखेला भारतात प्रतिष्ठा मिळवून देण्याचे श्रेय ज्यांना प्रामुख्याने जाते, ते डॉ. वसंत रामजी खानोलकर. भारतीय विकृतिशास्त्राचे आणि वैद्यकीय संशोधनाचे जनक म्हणून त्यांचा गौरव केला जातो.

खानोलकरांचा जन्म १३ एप्रिल १८९५ रोजी गोमंतक मराठा समाजातील एका कुटुंबात झाला. वैद्यकाच्या उच्च शिक्षणासाठी ते इंग्लंडला गेले आणि १९२३ मध्ये लंडन विद्यापीठाची विकृतिशास्त्रातील एम. डी. ही पदवी त्यांनी संपादन केली. त्या काळी परदेशातून पदवी घेऊन येणारा तरुण डॉक्टर मुंबईत दवाखाना थाटून नावलौकिक आणि पैसा दोन्ही मिळवू शकत असे. खानोलकरांनी मात्र रुग्णतपासणीपेक्षा प्रयोगशाळा आणि अध्यापन यांची निवड केली. ज्या शाखेत रुग्णाची कृतज्ञता वाट्याला येत नाही आणि मिळकतही बेताची, ती शाखा त्यांनी जाणीवपूर्वक पत्करली.

मुंबईत परतल्यावर त्यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये आणि त्यानंतर सेठ गोवर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेजमध्ये विकृतिशास्त्राचे अध्यापन केले. यातील दुसऱ्या महाविद्यालयाचे महत्त्व वेगळे होते. १९२६ मध्ये के. ई. एम. रुग्णालयासह सुरू झालेल्या या संस्थेत अध्यापकवर्ग भारतीयच असावा, अशी देणगीदारांची अट होती. सरकारी वैद्यकीय सेवेतील वरिष्ठ जागा इंग्रज अधिकाऱ्यांकडे असण्याच्या त्या दिवसांत, भारतीय डॉक्टरही वैद्यकाचे अध्यापन आणि संशोधन उत्तम रीतीने करू शकतात हे सिद्ध करण्याची जबाबदारी या पहिल्या पिढीवर येऊन पडली होती. खानोलकर त्या पिढीचे प्रतिनिधी होत.

त्यांच्या आयुष्याला खरी दिशा मिळाली ती १९४१ मध्ये. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी लेडी मेहेरबाई यांचे १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने निधन झाले होते. त्यानंतर टाटा विश्वस्त निधीने कर्करोगासाठी स्वतंत्र रुग्णालय उभारण्याचे ठरविले आणि २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळ येथे टाटा मेमोरियल रुग्णालयाचे उद्घाटन झाले. तेथील प्रयोगशाळांचे संचालक म्हणून खानोलकरांची नियुक्ती झाली. भारतात कर्करोग फारसा आढळत नाही, तो पाश्चात्त्यांचा रोग आहे, असा समज तेव्हा डॉक्टरांमध्येही रूढ होता. रोग दिसत नव्हता, कारण तो शोधण्याची साधने आणि माणसे नव्हती. गाठ घेऊन आलेला रुग्ण निदानाविनाच मरण पावला, तर त्याची नोंद कर्करोगात होणार तरी कशी? नव्या रुग्णालयात दाखल होणाऱ्या प्रत्येक रुग्णाची ऊती तपासली जाऊ लागली आणि या समजाला पुराव्यानिशी उत्तर मिळू लागले.

ही तपासणी म्हणजे नेमके काय, हे समजून घेतल्याखेरीज खानोलकरांच्या कार्याचे मोल ध्यानात येणार नाही. शस्त्रक्रियेत काढलेला तुकडा प्रथम फॉर्मालिनमध्ये टिकवला जातो. मग त्यातील पाणी काढून तो मेणात बसवला जातो. मायक्रोटोम नावाच्या यंत्रावर त्या मेणाच्या ठोकळ्याचे मिलिमीटरच्या दोनशेव्या भागाइतके पातळ काप घेतले जातात आणि ते काचपट्टीवर पसरून रंगवले जातात. पेशींची केंद्रके निळी-जांभळी दिसतात आणि भोवतालचा भाग गुलाबी. एवढ्या तयारीनंतर विकृतिशास्त्रज्ञ सूक्ष्मदर्शकाला डोळा लावतो. येथून पुढे यंत्र संपते आणि माणसाचा अनुभव सुरू होतो. पेशींची मांडणी, त्यांची गर्दी, केंद्रकांचा आकार, विभाजन पावणाऱ्या पेशींची संख्या आणि गाठीची कड या साऱ्यांचा मेळ घालून त्याला एक नाव लिहावे लागते.

हे काम किती नाजूक असते, याचे उत्तम उदाहरण स्तनातील गाठींचे आहे. स्तनात हाताला लागणारी प्रत्येक गाठ कर्करोगाची नसते. तरुण स्त्रियांमध्ये सर्वाधिक आढळणारी गाठ फायब्रोअ‍ॅडिनोमा ही असते. साधारणपणे पंधरा ते पस्तीस या वयात ती दिसते. ती गुळगुळीत आणि घट्ट असून बोटांखालून निसटते, म्हणून जुने शल्यविशारद तिला स्तनातला उंदीर म्हणत. ती निरुपद्रवी असते. निदान पक्के असेल तर अनेकदा ती काढावीही लागत नाही. मात्र तिचीच एक बहीण आहे, फायलॉइड्स ट्यूमर. ही गाठ क्वचित आढळते. स्तनाच्या सर्व गाठींत तिचे प्रमाण शेकडा एकाहूनही कमी आहे आणि ती बहुधा चाळिशीच्या आसपास किंवा त्यानंतर उद्भवते. काही वेळा ती थोड्याच महिन्यांत झपाट्याने वाढून मोठी होते. दोन्ही गाठी एकाच कुळातल्या. दोहोंत दुग्धनलिकांचे अस्तर असते आणि त्याभोवती तंतुमय ऊती असते. म्हणूनच हाताला, सोनोग्राफीला आणि कित्येकदा सुईने घेतलेल्या नमुन्यालाही त्या सारख्याच भासतात.

फायलॉइड्स या नावाचा इतिहास १८३८ पर्यंत मागे जातो. बर्लिनचे थोर शरीरशास्त्रज्ञ योहानेस म्यूलर यांनी गाठींच्या सूक्ष्म रचनेवरील आपल्या ग्रंथात हिचे वर्णन केले. गाठ कापली असता आत पानांसारखे पापुद्रे दिसले, म्हणून पान या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्यांनी ते नाव योजले. मांसल दिसते म्हणून त्याला सार्कोमा हा शब्दही जोडला. म्यूलर यांच्या मते ही गाठ निरुपद्रवीच होती. परंतु पुढे सार्कोमा या शब्दाला मारक कर्करोगाचा अर्थ चिकटला आणि नावातच घोटाळा होऊन बसला. नाव वाचून घाबरलेल्या शल्यविशारदाने साध्या गाठीसाठी संपूर्ण स्तन काढला, तर रुग्णेचे अकारण नुकसान. उलट, ती फायब्रोअ‍ॅडिनोमाच आहे असे मानून नुसती सोलून काढली, तर ती त्याच जागी पुन्हा उगवण्याचा धोका, आणि मारक प्रकारची असेल तर रक्तावाटे फुप्फुसापर्यंत पोहोचण्याचाही. अखेर जागतिक आरोग्य संघटनेने १९८० च्या दशकाच्या आरंभी फायलॉइड्स ट्यूमर हे नाव स्वीकारले आणि तिची साधी, सीमारेषेवरची आणि मारक अशी त्रिविध विभागणी रूढ झाली.

ही विभागणी आजही मुख्यत्वे काचपट्टीवरच होते. फायलॉइड्समध्ये तंतुमय ऊतीतील पेशींची गर्दी अधिक असते आणि अस्तराच्या फटींमध्ये ती ऊती पानांच्या आकारात घुसलेली दिसते. पेशींचे विभाजन मोजले जाते. सूक्ष्मदर्शकाच्या मोठ्या भिंगाखालील दहा क्षेत्रांत पाचांहून कमी विभाजने असतील तर गाठ साधीकडे झुकते, दहा किंवा त्याहून अधिक असतील तर मारकतेकडे. केवळ हा आकडा पुरेसा नसतो. केंद्रकांचा बेढबपणा, गाठीची कड भोवतालच्या ऊतीत शिरली आहे काय, तंतुमय ऊतीने अस्तराला पूर्णपणे मागे सारले आहे काय, हेही पाहावे लागते. गाठीचा एक भाग फायब्रोअ‍ॅडिनोमासारखा आणि दुसरा फायलॉइड्ससारखा असू शकतो. त्यामुळे जाड सुईने घेतलेल्या लहानशा तुकड्यावरून कधी कधी निश्चित निकाल देता येत नाही. तेव्हा प्रामाणिक विकृतिशास्त्रज्ञ तसे स्पष्ट लिहितो आणि पूर्ण गाठ काढून तपासण्याचा सल्ला देतो. फायलॉइड्स असल्यास ती भोवतालच्या निरोगी ऊतीच्या कडेसह काढावी लागते. मात्र ती काखेतील ग्रंथींकडे क्वचितच जाते. म्हणून स्तनाच्या नेहमीच्या कर्करोगाप्रमाणे त्या ग्रंथी काढण्याची गरज सहसा नसते. एका शब्दाच्या फरकाने शस्त्रक्रिया अशी बदलते.

खानोलकरांच्या काळात हा फरक आणखी निर्णायक होता. स्तनाच्या कर्करोगावर तेव्हा संपूर्ण स्तन, छातीचे स्नायू आणि काखेतील ग्रंथी एकत्र काढण्याची शस्त्रक्रिया प्रचलित होती. आजची विशेष रंजके आणि जनुकीय चाचण्या तेव्हा नव्हत्या. २०१४ मध्ये सिंगापूरच्या शास्त्रज्ञांनी फायब्रोअ‍ॅडिनोमामध्ये एमईडी १२ या जनुकातील बदल दाखवून दिला आणि पुढे तोच बदल फायलॉइड्समध्येही आढळला. या दोन गाठींचे नाते अशा रीतीने जनुकांच्या पातळीवर स्पष्ट झाले. १९४१ मध्ये मात्र सूक्ष्मदर्शक, दोन रंग आणि पाहणाऱ्याची नजर एवढेच भांडवल होते. अशा परिस्थितीत एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेची घडी बसवणे, तिच्या निकालांवर शल्यविशारदांचा विश्वास बसेल इतकी शिस्त तिच्यात आणणे आणि तशी नजर असलेली पुढची पिढी तयार करणे, हे खानोलकरांचे पहिले मोठे कार्य.

परंतु ते निदानापाशी थांबले नाहीत. काचपट्टीवर दिसणारा रोग कोणाला, कोठे आणि का होतो, हा प्रश्न त्यांना सतत पडत असे. देशाच्या निरनिराळ्या भागांतून येणाऱ्या रुग्णांच्या नोंदींतून त्यांना एक गोष्ट जाणवली. कर्करोगाची जागा माणसाच्या सवयीप्रमाणे बदलते. १९४५ मध्ये त्यांनी सूर्याबाई यांच्यासह प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात अशा तीन प्रकारच्या कर्करोगांची मांडणी केली. आंध्रच्या किनारपट्टीवर चुट्टा नावाचा विडा पेटते टोक तोंडात ठेवून ओढण्याची प्रथा होती. तेथे टाळूचा कर्करोग आढळे. बिहारमध्ये चुना लावलेला तंबाखू, म्हणजे खैनी, खालच्या ओठामागे धरून ठेवणाऱ्यांना त्याच जागी कर्करोग होई. तिसरा प्रकार कमरेवरचा. धोतराची घट्ट गाठ वर्षानुवर्षे कातडीला घासून तेथे तो उद्भवे. तंबाखू आणि तोंडाचा कर्करोग यांचा संबंध आज शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. तो भारतीय पुराव्यांच्या आधारे मांडणाऱ्या आरंभीच्या संशोधकांत खानोलकर होते, याचा मात्र विसर पडला आहे.

मुंबईसारख्या शहरात अनेक समाज शेजारी शेजारी राहतात, एकच हवा-पाणी घेतात, तरी त्यांचे विवाह, आहार आणि चालीरीती भिन्न असतात. संशोधकाच्या दृष्टीने ही निसर्गानेच मांडलेली प्रयोगशाळा होती. पारशी स्त्रियांमध्ये स्तनाचा कर्करोग तुलनेने अधिक आणि गर्भाशयमुखाचा कमी, तर लहान वयात विवाह होणाऱ्या हिंदू स्त्रियांमध्ये याच्या उलट, असे चित्र टाटा रुग्णालयाच्या नोंदींतून पुढे आले. विवाहाचे वय, अपत्यांची संख्या आणि स्तनपान यांचा या रोगाशी असलेला संबंध पुढे जगभरच्या अभ्यासांनी पक्का केला. समाजासमाजांतील आनुवंशिक भेद जाणून घेण्यासाठी त्यांनी रक्तगटांचाही अभ्यास हाती घेतला. लाभशंकर संघवी यांच्यासह मुंबईतील सहा समाजगटांवर त्यांनी केलेला अभ्यास १९४९ मध्ये प्रसिद्ध झाला. भारतीय मानवी आनुवंशिकीच्या आरंभीच्या कामांत त्याची गणना होते.

१९५२ मध्ये केंद्र सरकारने मुंबईत इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर स्थापन केले आणि त्याचे पहिले संचालक म्हणून खानोलकरांकडे धुरा आली. येथे त्यांच्यातील गुणग्राहकता दिसून येते. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून आणि शेतकी महाविद्यालयातून शिकलेल्या कमल रणदिवे यांनी त्यांच्या मार्गदर्शनाखाली संशोधन केले आणि १९४९ मध्ये डॉक्टरेट मिळवली. अमेरिकेत अनुभव घेऊन परतल्यावर रणदिवे यांनी या केंद्रात ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभारली. उंदरांमधील स्तनाच्या कर्करोगाचा आनुवंशिकता, संप्रेरके आणि विषाणू यांच्याशी असलेला संबंध हा त्यांच्या अभ्यासाचा विषय. सत्यवती शिरसाट यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचे तंत्र आत्मसात करून त्याची प्रयोगशाळा येथे वाढवली. स्त्रियांनी विज्ञानात संशोधन करावे ही कल्पनाच नवी असताना त्यांना स्वतंत्र विषय, स्वतंत्र प्रयोगशाळा आणि स्वतःचे नाव मिळू देणारे प्रमुख फार थोडे होते. खानोलकर त्यांपैकी एक.

कर्करोगाइतकेच त्यांचे लक्ष कुष्ठरोगाने वेधून घेतले. कुष्ठरोगाच्या अगदी आरंभीच्या चट्ट्यांतील ऊती तपासून त्यांनी या रोगात मज्जातंतू किती लवकर आणि किती मूलभूतपणे सापडतात, यावर भर दिला. कातडीवरचा डाग हा दिसणारा भाग. खरी हानी मज्जातंतूंत होत असते. पुढे आयुष्यभराचे व्यंग तेथूनच उद्भवते. १९५८ मध्ये त्यांच्या केंद्रात कुष्ठरुग्णांच्या ऊतीतून एक जंतू प्रयोगशाळेत वाढवण्यात यश आले. त्याला केंद्राच्या नावावरून आयसीआरसी जंतू असे म्हटले गेले. तो प्रत्यक्ष कुष्ठाचा जंतू नसून त्याच्या आप्तांपैकी असल्याचे नंतर निष्पन्न झाले, परंतु त्यापासून तयार केलेल्या लशीच्या चाचण्या भारतात झाल्या. संशोधनात वाट चुकली तरी ती वाया जात नाही, याचे हे उदाहरण म्हणता येईल.

यथावकाश मोठमोठ्या जबाबदाऱ्या त्यांच्याकडे चालत आल्या. भारतीय विकृतिशास्त्रज्ञांची संघटना १९४९ मध्ये स्थापन झाली, तिचे ते पहिले अध्यक्ष. आंतरराष्ट्रीय कर्करोगविरोधी संघाचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले. हा मान तेव्हा एका आशियाई शास्त्रज्ञाला मिळणे ही लहान गोष्ट नव्हती. अणुस्फोटांच्या परिणामांची चिंता जगाला ग्रासू लागली, तेव्हा संयुक्त राष्ट्रांच्या किरणोत्सारविषयक शास्त्रीय समितीवर त्यांनी भारताचे प्रतिनिधित्व केले. १९६० ते १९६३ या काळात ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते. पद्मभूषण आणि राष्ट्रीय संशोधन प्राध्यापक हे सन्मानही त्यांना लाभले. २९ ऑक्टोबर १९७८ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांनी घडवलेल्या संस्थांचा विस्तार मात्र सुरूच राहिला. टाटा मेमोरियल रुग्णालय १९६२ मध्ये अणुऊर्जा खात्याकडे आले आणि १९६६ मध्ये संशोधन केंद्र व रुग्णालय मिळून टाटा मेमोरियल सेंटर झाले. २००२ मध्ये नवी मुंबईतील खारघर येथे संशोधनाचा नवा परिसर सुरू झाला. तेथील एका इमारतीला खानोलकर शोधिका हे नाव दिलेले आहे.

त्यांच्या कार्याची खरी फळे मात्र इमारतींत मोजता येत नाहीत. नाशिकच्या सातपूरसारख्या औद्योगिक वसाहतीत राहणाऱ्या एखाद्या स्त्रीला गाठ लागते, तेव्हा तिला प्रथम भीती वाटते ती कर्करोगाची आणि दुसरी कामावरच्या खाड्याची. लाज, खर्च आणि घरची कामे यांत महिने निघून जातात. तिच्या गाठीचा तुकडा आज शहरातल्याच प्रयोगशाळेत तपासला जाऊ शकतो. निदान अवघड असेल तर त्याच तुकड्याचा मेणाचा ठोकळा आणि काचपट्ट्या घेऊन परळच्या तज्ज्ञांचे दुसरे मत घेता येते. म्हणूनच अहवालाबरोबर ठोकळा आणि काचपट्ट्या मागून घेणे आणि जपून ठेवणे हा रुग्णाचा हक्क आहे, आणि शहाणपणही. काढलेली गाठ साधीच दिसते म्हणून ती न तपासताच टाकून देणे, ही अजूनही कोठे कोठे घडणारी चूक असते. फायब्रोअ‍ॅडिनोमा समजून काढलेली गाठ काही महिन्यांनी त्याच जागी परत आली, तर पहिली काचपट्टीच खरे काय ते सांगू शकते.

रोगाला योग्य नाव देणे ही उपचाराची पहिली पायरी आहे. नाव चुकले तर कुशल हातांनी केलेली शस्त्रक्रियाही चुकते. खानोलकरांनी आयुष्यभर नाव देण्याचे हे काम निष्ठेने केले, ते करणारी माणसे घडवली आणि नावापलीकडे जाऊन कारणाचा शोध घ्यावा असा आग्रह धरला. सूक्ष्मदर्शकातून दिसणाऱ्या पेशींच्या मागे एक माणूस, त्याची सवय, त्याचा समाज आणि त्याचे दारिद्र्यही असते, हे त्यांनी आपल्या संशोधनातून दाखवून दिले. अहवालाच्या तळाशी सही करणाऱ्या अनेक अनाम विकृतिशास्त्रज्ञांच्या कामात त्यांचा हा वारसा आजही नांदतो आहे.